यूकेत ट्रेनचा खर्च कमी करायचाय? रेलकार्ड कुठलं घ्यायचं, कधी आणि कसं

आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे लंडनजवळच्या स्लाव्हला (Slough) आले की आईचा एक कार्यक्रम ठरलेला असतो, मी तिकिटाचा आकडा सांगितला की ती खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात गुणाकार करते आणि मग म्हणते, "एवढ्यात तर आपलं अख्खं कुटुंब सातारा-मुंबई दहा वेळा जाऊन येईल गं." तिचं काही चुकत नाही. इथली ट्रेन महागच आहे आणि त्यातून ऐनवेळी स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं की खिशाला भोकच पडतं. पण मी या देशात आले ती २३ व्या वर्षी मास्टर्सला, आता नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि उन्हाळ्यात आई-बाबा असा बारदाना आहे, आणि या सगळ्या काळात माझ्याकडे कुठलं ना कुठलं रेलकार्ड राहिलेलं आहे, म्हणून जे कळलंय ते एकदाच सविस्तर लिहून टाकते. दर सप्टेंबरला नवीन आलेली मुलं हेच प्रश्न विचारतात.

आधी थोडक्यात, रेलकार्ड म्हणजे पास नाही. पास दाखवून फुकट बसता येतं, हे दाखवलं की तिकिटावर साधारण एक तृतीयांश सूट मिळते. तिकीट काढायचंच, ते सवलतीचं काढायचं आणि सोबत कार्ड ठेवायचं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स तिन्हीकडे चालतं, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये नाही, आणि युरोस्टारने पॅरिसला जाताना पण त्याचा उपयोग नाही. बहुतेक कार्डं वर्षाला ३५ पाउंडांची आहेत, २ मार्च २०२५ च्या आधी ३० होती. काही कार्डं तीन वर्षांची मिळतात, ती ८० ला.

पायरी १: तुम्ही प्रवास कोणासोबत करता ते आधी बघा

सगळे जण वयावरून सुरुवात करतात आणि तिथेच अर्धे लोक चुकीचं कार्ड घेतात. वय महत्त्वाचं आहेच, पण त्याआधी मागच्या सहा महिन्यांत ट्रेनने कुठे कुठे गेलात आणि सोबत कोण होतं हे कागदावर लिहा, खरंच लिहा, पाच मिनिटं लागतात.

एकटे फिरणारे विद्यार्थी आणि नुकतेच नोकरीला लागलेले यांच्यासाठी १६-२५ चं कार्ड. यूकेचे नागरिक असायची काही अट नाही, पासपोर्टवर वय दिसलं की झालं. वय २६ च्या पुढे असेल पण फुलटाइम शिकत असाल, पीएचडीवाले वगैरे, तर हेच कार्ड मॅच्युअर स्टुडंट म्हणून मिळतं, त्यासाठी एक फॉर्म डिपार्टमेंटकडून सही-शिक्का मारून आणावा लागतो. माझ्या ओळखीतले निम्मे पीएचडीवाले हे माहीतच नाही म्हणून चार वर्षं पूर्ण पैसे भरत होते. २४ वा वाढदिवस व्हायच्या आत असाल तर तीन वर्षांचं घ्या, मास्टर्स अधिक नंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा असा काळ धरला तर ते बरोबर बसतं, दरवर्षी ३५ प्रमाणे १०५ होतात त्याऐवजी ८०.

आता एक गंमत जी लोक उशिरा शिकतात. वयाची अट कार्ड *घेताना* लागते. म्हणजे २६ वा वाढदिवस उद्या आहे आणि तुम्ही आज कार्ड घेतलंत तर ते पुढचं वर्षभर चालतं. मी वाढदिवसाच्या आदल्या रात्री केक आणायच्या आधी कार्ड काढलं होतं, नवरा, तेव्हा तो नवरा नव्हता, अजूनही त्यावरून चिडवतो. मग २ जानेवारी २०१९ ला २६-३० चं कार्ड सगळ्यांसाठी सुरू झालं, ते फक्त फोनवरच मिळतं, आणि ३१ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी परत तोच उद्योग केला. म्हणजे ३२ पूर्ण होईपर्यंत मी तरुण प्रवासी होते, रेल्वेच्या दृष्टीने तरी.

त्यानंतर मात्र मोठी पोकळी आहे. ३१ ते ५९ या वयात एकट्या फिरणाऱ्या माणसासाठी देशभर चालणारं साधं कार्ड नाहीच (अपंगत्वाचं किंवा सैन्यातून निवृत्त झालेल्यांचं व्हेटरन्स कार्ड सोडून). लंडन आणि आग्नेय इंग्लंडात राहत असाल तर नेटवर्क रेलकार्ड आहे, ऑक्सफर्ड, केंब्रिज, ब्रायटन ही सगळी त्यात येतात, तुमच्यासोबतच्या आणखी तीन मोठ्यांना पण सूट मिळते, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आधी चालत नाही आणि त्या दिवसांत कमीत कमी १३ पाउंड भाडं लागतंच. म्हणजे हे शनिवार-रविवारचं कार्ड आहे असं समजूनच घ्या.

दोघं जण नेहमी एकत्र फिरत असाल तर टू टुगेदर. एकच कार्ड, ३५ पाउंडांत दोघांचं काम, दोघांचे फोटो आणि नावं त्यावर. नवरा-बायकोच पाहिजेत असं काही नाही, रूममेट, बहिणी, मायलेकी कोणीही. अट एवढीच की पूर्ण प्रवास दोघांनी सोबत करायचा आणि आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर. भांडण झालं म्हणून एक जण मधल्या स्टेशनवर उतरला तर दुसऱ्याची सूट गेली!

घरात ५ ते १५ वयाचं एक जरी मूल असेल तर मात्र बाकी कशाचा विचार करू नका, फॅमिली अँड फ्रेंड्स घ्या. एका कार्डावर चार मोठे आणि चार मुलं, मोठ्यांना एक तृतीयांश सूट, मुलांच्या भाड्यावर ६० टक्के. कार्डावर दोन नावं टाकता येतात, त्यातला एक जण आणि किमान एक मूल प्रवासात पाहिजे. बाकीचे तीन मोठे कोण हे कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्या रेलकार्डांत हे सगळ्यात वसूल होणारं आहे आणि आपले लोक हेच सगळ्यात कमी घेतात, कारण नाव ऐकून वाटतं की आपल्याला काय, आपलं मूल तर अर्ध्या तिकिटातच जातं.

साठीच्या पुढच्यांना सीनियर रेलकार्ड, त्याला पण यूकेत राहायची अट नाही, पाहुणे म्हणून आलेले आई-बाबा पासपोर्टवर घेऊ शकतात. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते एकदम खूश, कारण आपल्याकडे रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली त्याचा राग त्यांच्या मनात अजून आहे, पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५० टक्के असायची ती. आई म्हणाली की एसटीत मला अर्ध्या तिकिटात बसता येतं, इथे बायकांना वेगळं काही नाही का? नाही गं आई.

अपंगत्व असेल तर डिसेबल्ड पर्सन्स रेलकार्ड, ते २० पाउंडांचं, आणि सोबतच्या एका मोठ्या माणसाला पण तीच सूट, वेळेची कटकट नाही. ऐकू कमी येणं, अपस्मार अशी कारणं पण त्यात धरतात, त्यामुळे घरात कोणी बसत असेल तर यादी नीट वाचा. १६-१७ वयाच्या मुलांसाठी सेव्हर म्हणून आहे, त्यात सरळ ५० टक्के आणि सीझन तिकिटावर (म्हणजे पासावर) पण सूट.

पायरी २: साधं गणित करा

३५ पाउंडांचं कार्ड, सूट एक तृतीयांश, म्हणजे वर्षात मूळ भावाने १०५ पाउंडांची तिकिटं काढली की कार्डाचे पैसे निघाले. त्यापुढचं सगळं वाचलेलं. बर्मिंगहॅमहून वर्षातून तीनदा लंडनला आलात तरी हे सहज होतं. उलट तुम्ही ऑफिसला बसने जाता आणि ट्रेनमध्ये फक्त एअरपोर्टला जाताना बसता, तर कार्ड घेऊ नका, कोणी कितीही सांगो.

आमचंच उदाहरण देते. मागच्या मे मध्ये आम्ही पाच जण यॉर्कला गेलो, मी, नवरा, आई, बाबा आणि लेक. तिथलं रेल्वे म्युझियम बघायचं होतं, प्रवेश फुकट आहे आणि लहान मुलांना (आणि बाबांना, ते इंजिनापुढे पाऊण तास उभे होते) वेड लावणारं आहे. पहिल्यांदा मी विचार केला की आई-बाबांना दोन सीनियर कार्डं घ्यावीत, ७० पाउंड, आणि आम्ही दोघं टू टुगेदर, आणखी ३५. मग लक्षात आलं की चार मोठे आणि एक मूल म्हणजे फॅमिली अँड फ्रेंड्सचा साचाच आहे, ३५ मध्ये सगळे बसतात. समजा मोठ्याचं येऊन-जाऊन भाडं ६० पाउंड असेल तर चौघांचे २४० चे १६० होतात, म्हणजे एकाच खेपेत ८० वाचले, लेकीच्या तिकिटातले वेगळे, आणि कार्ड वर्षभर हातात राहिलं.

मात्र बाबांना एकट्याने फिरायची हौस आहे म्हणून त्यांना वेगळं सीनियर कार्ड पण शेवटी घेतलंच, त्याची गोष्ट पुढे येते.

आणि एक, कार्ड नसतानाही सूट मिळायचा एक मार्ग आहे जो फार कमी लोकांना माहीत असतो, ग्रुपसेव्ह. तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र जाणार असतील तर बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश सूट, कुठलंच कार्ड न घेता. बुकिंग करताना प्रवाशांची संख्या तीन किंवा जास्त टाकली की बहुतेक ठिकाणी आपोआप लागतं. गणपतीला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला मित्रमंडळी जमून जाणार असाल तर हे आधी बघा. दोन सवलती एकावर एक मात्र लागत नाहीत, ग्रुपसेव्ह तरी नाहीतर रेलकार्ड तरी.

पायरी ३: सकाळचा १२ पाउंडांचा लोचा समजून घ्या

हे नीट वाचा कारण इथे लोक खरंच अडकतात. १६-२५ आणि २६-३० या कार्डांवर सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेचार ते सकाळी दहा या वेळेत (ठरलेल्या गाडीची ॲडव्हान्स तिकिटं सोडून) कमीत कमी भाडं १२ पाउंड असतं. म्हणजे काय, तर सूट धरून तिकीट १२ च्या खाली जात असेल तर सूट तेवढी मिळत नाही.

मूळ भाडं १० पाउंड आहे? मग सकाळी सूट शून्य, १० च भरा. मूळ १५ आहे? सूट धरून १० व्हायला पाहिजेत पण १२ भरावे लागतील. मूळ १८ किंवा जास्त? मग पूर्ण सूट. दहानंतर आणि शनिवार-रविवारी ही भानगड नाही. १६-२५ वाल्यांना जुलै आणि ऑगस्टमध्ये पण ही अट नसते, २६-३० वाल्यांना मात्र ती सवलत नाही.

आता तुम्ही म्हणाल बुकिंग करताना वेबसाइट आपोआप धरेल की. गाडी निवडून काढलंत तर धरते. पण दिवसभरात केव्हाही चालणारं एनीटाइम तिकीट काढलं, ते सवलतीत काढलं आणि सकाळची गाडी पकडली की तुम्ही नियम मोडलात, तिकीट हातात असूनही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्या पेपरांत हेच गाजत होतं, नुकत्याच ग्रॅज्युएट झालेल्या एका मुलाला १ पाउंड ९० पेन्सच्या फरकासाठी खटल्याची धमकी आली, एवढा गदारोळ झाला की कंपनीने शेवटी प्रकरण मागे घेतलं. त्याने चोरी केली नव्हती, त्याला फक्त हा बारका नियम माहीत नव्हता. तुमच्यासाठी कोणी पेपरात लिहीलच असं नाही, त्यामुळे सकाळी छोट्या अंतराला जाताना कार्ड न लावता तिकीट काढा आणि विषय संपवा.

सीनियर आणि फॅमिली कार्डांचं वेगळं आहे, पूर्ण प्रवास लंडन आणि आग्नेय भागातच असेल तर आठवड्याच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळी ती चालत नाहीत. स्लाव्ह ते यॉर्क असा लांबचा प्रवास असेल तर तो प्रश्न येत नाही.

पायरी ४: कार्ड घेणं

रेलकार्ड डॉट को डॉट यूके ही अधिकृत साइट, किंवा मोठ्या स्टेशनवरचं तिकीट ऑफिस. पासपोर्ट आणि पासपोर्टसारखा फोटो एवढंच हाताशी ठेवा. ऑनलाइन घेतलंत तर रेलकार्ड नावाच्या ॲपमध्ये उतरवायचं, पाच-दहा मिनिटांत काम होतं आणि दोन फोनवर ठेवता येतं, टू टुगेदर किंवा फॅमिली असेल तर नवऱ्याच्या आणि तुमच्या दोघांच्या फोनवर टाका. एकाची बॅटरी उतरली तर दुसरा आहे. टेस्को सुपरमार्केटचे (खरेदीवर मिळणारे) क्लबकार्ड व्हाउचर साठलेले असतील तर ते रेलकार्डासाठी वळवता येतात आणि किंमत दुप्पट धरतात, त्यामुळे मी किराण्यातूनच कार्ड काढते, नवरा त्याला भाजीपाल्याचं कार्ड म्हणतो.

तिकीट आधी आणि कार्ड नंतर असं पण चालतं. प्रवासाच्या दिवशी कार्ड चालू असलं पाहिजे, बुकिंगच्या दिवशी नाही. त्यामुळे तीन महिने आधी स्वस्तातलं तिकीट सवलतीसकट काढून ठेवा आणि कार्ड पहिल्या प्रवासाच्या आदल्या दिवशी घ्या, तेवढे महिने कार्डाच्या शेवटी वाढले.

आणि रूममेटचं कार्ड वापरायचं नाही. हे आपल्या पोरांना मला हात जोडून सांगायचंय. "फोटो सारखाच दिसतो यार" हे चालत नाही. कार्ड दुसऱ्याला देता येत नाही, पकडलं तर दोघंही अडकतात, आणि भाडं चुकवण्याचा गुन्हा इथे १८८९ च्या रेल्वे कायद्याखाली कोर्टात जातो. शिक्षा झाली तर ती पुढच्या व्हिसाच्या फॉर्मवर लिहावी लागते. दहा पाउंडांसाठी कोण एवढं करतं?

पायरी ५: तिकीट काढताना

ट्रेन कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर आणि ॲपवर बुकिंग फी नसते, आणि कुठल्याही कंपनीच्या साइटवरून कुठल्याही कंपनीचं तिकीट मिळतं, म्हणजे स्कॉटलंडचं तिकीट तुम्ही जीडब्ल्यूआरच्या (ग्रेट वेस्टर्न रेल्वे) ॲपवरून काढू शकता. बाहेरची ॲप सोयीची असतात पण बरीचशी वर फी लावतात. दर वेळी एक-दोन पाउंड फी दिली की वर्षअखेर कार्डाची निम्मी किंमत तिथेच गेली.

ॲड रेलकार्ड असं बटण असतं ते दाबून कार्डाचा प्रकार आणि संख्या टाका. इथे नेहमीची चूक, टू टुगेदर एक कार्ड आहे पण माणसं दोन, तरी संख्या एकच टाकायची. फॅमिली पण एकच.

मग तिकिटाचा प्रकार. ॲडव्हान्स म्हणजे ठरलेली गाडी, ठरलेली वेळ, साधारण बारा आठवडे आधी विक्रीला येतं, स्वस्तातला कोटा संपला की पुढचा महाग, जसं विमानाचं असतं. ऑफ-पीक म्हणजे गर्दी सोडून त्या दिवशीची कुठलीही गाडी. एनीटाइम नावाप्रमाणेच, आणि सगळ्यात महाग. रेलकार्डाची सूट तिन्हींवर लागते, त्यामुळे खरी बचत ॲडव्हान्स अधिक रेलकार्ड अशी जोडीत होते. लहान मूल सोबत असेल तर मी जाताना ॲडव्हान्स आणि येताना ऑफ-पीक घेते, कारण परतताना कोण कुठल्या बाथरूमला जाऊन बसेल आणि गाडी चुकेल सांगता येत नाही.

कंपनी बदलून बघा. बर्मिंगहॅम ते लंडन तीन रस्ते आहेत, न्यू स्ट्रीटहून अवंतीची जलद गाडी युस्टनला, तिथूनच लंडन नॉर्थवेस्टर्नची थांबत थांबत जाणारी, आणि मूर स्ट्रीटहून चिल्टर्नची मॅरिलबोनला. मागच्या दोन्ही वेळ जास्त घेतात पण बहुतेक वेळा स्वस्त असतात. मास्टर्सच्या वर्षी आम्ही पाच जण गणपतीला लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गेलो होतो, डॉलिस हिलला आहे ते, १९३२ पासूनचं, तर आम्ही चिल्टर्नने मॅरिलबोनला उतरलो, तिथून ट्यूबच्या (इथली मेट्रो) बेकरलू लाइनने एक स्टेशन बेकर स्ट्रीट आणि मग जुबिलीने थेट डॉलिस हिल. पाच जणांकडे पाच १६-२५ ची कार्डं होती, आरती, जेवण, डब्यात बांधून दिलेले मोदक आणि रात्री परत. वाचलेल्या पैशांत त्या आठवड्याचा किराणा आला होता.

तिकिटाचे तुकडे करायची पण एक पद्धत आहे, म्हणजे अ पासून क ला जाताना अ ते ब आणि ब ते क अशी दोन तिकिटं काढायची, गाडी तीच, उतरायचं पण नाही, फक्त ती गाडी ब ला थांबली पाहिजे. नियमात बसतं आणि काही मार्गांवर बराच फरक पडतो. पण मघाचा १२ पाउंडांचा नियम आठवतोय ना? तो प्रत्येक तिकिटाला वेगळा लागतो. त्यामुळे सकाळी तरुणांच्या कार्डावर तुकडे केले तर प्रत्येक तुकडा १२ च्या जवळ येऊन अडकतो आणि सूटच गायब होते, तिथे सरळ एकच लांब तिकीट परवडतं. हे मी दोनदा चुकीचं केलं मग कळलं.

लंडनमधून पलीकडे जाणारं तिकीट असेल, जसं स्लाव्ह ते यॉर्क, तर मधला पॅडिंग्टन ते किंग्ज क्रॉसचा ट्यूब प्रवास त्याच तिकिटात येतो, कागदी तिकिटावर एक छोटं क्रॉसचं चिन्ह असतं ते बघा. ते असेल तर गेटवर वेगळं कार्ड टॅप करू नका, फुकटचे पैसे जातील.

रोज ऑफिसला जाणाऱ्यांसाठी मात्र वाईट बातमी, महिन्याच्या किंवा आठवड्याच्या सीझन तिकिटावर (१६-१७ चं सेव्हर सोडून) रेलकार्ड लागत नाही. आठवड्यातून दोन दिवसच जात असाल तर २८ दिवसांत ८ दिवस वापरायचं फ्लेक्सी सीझन एका बाजूला आणि रेलकार्ड लावून रोजचं रिटर्न दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही आकडे काढून बघा.

पायरी ६: लंडनमध्ये ऑयस्टरला कार्ड जोडा

१६-२५, २६-३०, सीनियर, डिसेबल्ड आणि व्हेटरन्स ही कार्डं ऑयस्टर कार्डाला (लंडनमध्ये प्रवासासाठी पैसे भरून गेटवर टॅप करायचं कार्ड) जोडता येतात. ट्यूब स्टेशनवर मशीनजवळ जे कर्मचारी उभे असतात त्यांना रेलकार्ड आणि ऑयस्टर दाखवा, दोन मिनिटांत करून देतात. मग ट्यूब आणि लंडनमधल्या ट्रेनच्या ऑफ-पीक भाड्यावर एक तृतीयांश सूट, दिवसभरात जास्तीत जास्त किती पैसे कापले जातील ती ऑफ-पीक मर्यादा पण तेवढीच खाली येते. टू टुगेदर, फॅमिली आणि नेटवर्क जोडता येत नाहीत.

बँकेचं कार्ड किंवा फोन टॅप करणाऱ्यांना ही सूट मिळतच नाही, त्याला रेलकार्ड जोडायची सोयच नाही. सोयीसाठी सगळे फोन टॅप करतात आणि वर्षभर पूर्ण भाडं देतात. आणि आमच्या स्लाव्हकरांनो, आपल्याकडे एलिझाबेथ लाइनवर ऑयस्टर चालतच नाही, ते वेस्ट ड्रेटनपर्यंतच, पुढे रेडिंगपर्यंत फक्त बँक कार्ड किंवा तिकीट. म्हणून रेलकार्डाची सूट पाहिजे असेल तर स्लाव्हहून ॲपवर किंवा मशीनवर तिकीटच काढायचं. रेलकार्ड नवीन केलं की ऑयस्टरला परत जोडावं लागतं, आपोआप होत नाही.

पायरी ७: प्रवासाच्या दिवशी

आता बाबांची गोष्ट. त्यांचा फोनवर विश्वास नाही, म्हणून त्यांचं सीनियर कार्ड तिकीट ऑफिसातून हातात धरायचं घेतलं होतं. एका सकाळी दहानंतर स्वारी ऑक्सफर्डला निघाली, इस्त्रीची पँट, टोपी, पिशवीत आईने दिलेल्या दशम्या. रेडिंगनंतर तपासनीस आला. तिकीट दाखवलं, कार्ड दाखवा म्हणाला, आणि कार्ड होतं काल घातलेल्या पँटच्या खिशात, आमच्या वॉशिंग मशीनवर. बाबांनी पासपोर्टची झेरॉक्स दाखवली, वय दिसतंय की म्हणाले, डोक्यावरची टोपी काढून पांढरे केस पण दाखवले. उपयोग नाही. नवं पूर्ण भाड्याचं तिकीट काढावं लागलं. माणूस उद्धट नव्हता, त्याने ती पावती आणि जुनं तिकीट दोन्ही जपून ठेवायला सांगितलं.

आणि तेच महत्त्वाचं आहे. कार्ड घरी विसरलं आणि त्यामुळे जादा पैसे भरावे लागले तर वर्षातून एकदा ते परत मागता येतात. दोन्ही तिकिटं, पावती आणि कार्डाचा पुरावा लावून अर्ज करायचा. बाबांचे आले. पण ही सोय एकदाच, आणि इंग्लंडात पेनल्टी फेअर (योग्य तिकीट नसल्याचा दंड) लागली तर ती जानेवारी २०२३ पासून भाडं अधिक १०० पाउंड आहे, २१ दिवसांत भरली तर ५०. फोनची बॅटरी संपली तर कार्ड नाही असंच धरतात, म्हणून पॉवर बँक ठेवा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, ॲप उघडूनच दाखवावं लागतं.

गाडी उशिरा आली तर डिले रिपेचा (उशिराच्या भरपाईचा) अर्ज स्वतः करा, बहुतेक वेळा कोणी आपणहून देत नाही. सवलतीचं तिकीट असलं तरी भरपाई मिळते, भरलेल्या रकमेच्या प्रमाणात. बऱ्याच कंपन्यांकडे १५ मिनिटं उशीर झाला की हक्क सुरू होतो, काहींकडे ३० मिनिटांपासून.

राहिलं ते नूतनीकरण. कार्ड संपायच्या ३० दिवस आधीपासून नवीन करता येतं आणि फोनमध्ये तारखेचा रिमाइंडर लावून ठेवा, कारण तिकिटं पुढची काढलेली असतात आणि कार्ड मधेच संपतं. आमचं फॅमिली कार्ड ९ मे ला संपतंय आणि आई-बाबांसोबत एडिंबराची तिकिटं मी आत्ताच काढली आहेत, जूनची, सवलतीसकट. म्हणजे ९ मे च्या आसपास क्लबकार्डात किती व्हाउचर साठलेत ते बघायला लागणार.